प्रत्यारोपण हा शब्द कधी उच्चारायचा

एमबीबीएसनंतरची बंधपत्रित सेवा मी सुरगाणा तालुक्यातील एका आरोग्य केंद्रात केली आणि यकृत या अवयवाकडे माझे लक्ष खऱ्या अर्थाने तिथे वेधले गेले. २००७ च्या पावसाळ्यात एका पाड्यावरून चाळिशीच्या एका गृहस्थांना चौघांनी झोळीत घालून आणले. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोट पाण्याने तट्ट फुगले होते, पायावर बोट दाबले तर खळगा तसाच राहत होता, गळ्यात काविळीची माळ होती आणि पोटावर उजव्या बाजूला तापवलेल्या विळ्याचे तीन ताजे चटके होते. त्यांची पत्नी हळू आवाजात म्हणाली, “बाई, माळ पार बेंबीपर्यंत आली, तरी डोळे निवळत नाहीत.” माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते, अशी समजूत आहे, प्रत्यक्षात काड्या वाळतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते. आम्ही त्यांना सलाईन लावले, रुग्णवाहिका बोलावली आणि घाटरस्त्याने नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिसऱ्या दिवशी ते गेल्याचा निरोप आला.

पुढचे कित्येक दिवस मी त्या माळेचा विचार करत होते. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि त्या काळात जो उपाय चालू असेल त्याच्या पदरात यश पडते, मग ती माळ असो, नाकात टाकायचा रस असो, की चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणे असो. त्या गृहस्थांचे यकृत मात्र अनेक वर्षे जखमा भरत भरत आतून कडक आणि गाठीगाठींचे झाले होते, म्हणजे त्यांना सिरोसिस होता, आणि कावीळ हे त्याचे अगदी शेवटचे लक्षण होते. माळ घालणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. मलाही ते पुस्तकापुरतेच ठाऊक होते. आपण या रुग्णाला दोन वर्षे आधी भेटलो असतो तर काय करता आले असते, या प्रश्नाचे नीट उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि ते शोधण्यातच माझी पुढची दहा-अकरा वर्षे गेली.

शिक्षणाचा मार्ग थोडक्यात सांगते, कारण अनेक विद्यार्थी तो विचारतात. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि एक वर्षाची सेवा झाल्यावर मुंबईतील महापालिकेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे एमडी मेडिसिन केले. त्यानंतर एक वर्ष अभ्यासात घालवून डीएमला, म्हणजे एमडीनंतरच्या अतिविशेष पदवीला, प्रवेश मिळवला. त्या काळी केवळ यकृतविकारांचे स्वतंत्र डीएम देणाऱ्या जागा देशात मोजक्याच होत्या. चंडीगढची पीजीआय आणि दिल्लीची आयएलबीएस ही त्यांतली ठळक नावे. डीएमची तीन वर्षे संपली तेव्हा २०१५ साल उजाडले होते. माझ्याबरोबर नाशिकमध्ये शिकलेल्या मैत्रिणींचे दवाखाने तोवर चांगले चालू लागले होते, आणि आई दर फोनवर एकच प्रश्न विचारत असे, “अजून किती शिकायचं राहिलंय गं?”

डीएमच्या अखेरच्या वर्षात मी जे पाहिले ते पाहायला मिळणे हे भाग्य होते. ‘सी’ प्रकारच्या हिपॅटायटिसचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला होता, परंतु त्यावरचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची आठवड्याला एक अशी चोवीस किंवा अठ्ठेचाळीस आठवडे घ्यायची इंजेक्शने. ताप, गळून जाणारे केस, उदासी, घसरणाऱ्या रक्तपेशी आणि एवढे सोसूनही विषाणू जाईलच याची खात्री नाही. ज्यांचे यकृत आधीच ढासळले होते त्यांना तर ती इंजेक्शने देताच येत नसत. २०१५ मध्ये सोफोसबुवीरच्या भारतात तयार झालेल्या गोळ्या बाजारात आल्या आणि बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होऊ लागले. ज्या बाईंना मी वर्षभरापूर्वी “तुम्हाला देण्यासारखे औषध नाही” असे सांगितले होते, त्यांचा विषाणू सापडत नसल्याचा अहवाल मी स्वतः त्यांच्या हातात दिला. २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल हा विषाणू शोधणाऱ्या तिघांना मिळाले, तेव्हा त्या बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

त्यानंतरची दोन वर्षे मुंबईत प्रत्यारोपण विभागात फेलोशिप केली. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण जवळजवळ प्रत्येक नातेवाईक ती विचारतो: शस्त्रक्रिया मी करत नाही, ती सर्जन करतात. प्रत्यारोपण लागणार की नाही, लागणार असेल तर कधी, रुग्ण त्या शस्त्रक्रियेतून तरून निघेल इतका सशक्त आहे का, तोपर्यंत त्याला कसे जगवायचे आणि नवे यकृत बसल्यावर ते शरीराने नाकारू नये म्हणून पुढे जन्मभर काय करायचे, हे सारे यकृततज्ज्ञाचे काम आहे. शस्त्रक्रिया आठ ते बारा तासांची असते. तिच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षे आमच्याकडे असतात.

पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे केले आणि तो रुग्ण टेबलावरच दगावला. वर्षभराहून अधिक जगणारा रुग्ण मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. आपल्याकडे मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे, आणि १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या एका बालकाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसवला गेला, तो भारतातील यशस्वी प्रत्यारोपणाचा आरंभ. आमचे वरिष्ठ हा इतिहास प्रत्येक नव्या फेलोला सांगत आणि शेवटी म्हणत, की आपल्या देशात हे शास्त्र मृत दात्यांच्या आधारावर वाढले नाही, ते घरच्या माणसांच्या पोटावर वाढले आहे. हे अक्षरशः खरे आहे. आपल्याकडील बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात, आणि म्हणून दात्याची तपासणी ही मला या विद्येतली सर्वांत जबाबदारीची पायरी वाटते.

दात्याच्या यकृताचा उजवा भाग, म्हणजे सुमारे साठ-पासष्ट टक्के, काढला जातो. दात्याकडे किमान तीस टक्के उरले पाहिजे आणि रुग्णाला मिळणाऱ्या भागाचे वजन साधारणपणे त्याच्या शरीराच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी भरले पाहिजे, हे सीटी स्कॅनवर मोजून ठरते. उरलेले यकृत पुढच्या काही आठवड्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकाराचे होते. दुसऱ्या कुठल्याही आंतरिक अवयवाला हे इतके साधत नाही. तरीही धोका शून्य नाही. निरोगी माणसाला आपण टेबलावर घेत असतो आणि हजारात दोन ते पाच दाते दगावू शकतात, हे आम्ही प्रत्येकाला आकड्यासकट सांगतो.

हे सांगताना दात्याला एकटे बसवावे लागते. एकदा एका रुग्णाची पत्नी दाता म्हणून आली होती. रक्तगट जुळत होता, स्कॅन उत्तम होता, सासू, दीर, नणंद सगळे तिचे कौतुक करत होते. मी सर्वांना बाहेर पाठवून दार लावले आणि तिला विचारले, “तुमच्या मनात काय आहे?” ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, मला लहान मुलगी आहे. मला फार भीती वाटते. पण मी नाही म्हटलं तर त्या घरात मला राहता येणार नाही.” आमच्या विभागात अशा वेळेसाठी पद्धत ठरलेली होती. मी बाहेर येऊन सांगितले, की तपासण्यांनंतर त्या दाता म्हणून योग्य ठरत नाहीत, आणि त्यापुढे एक शब्दही बोलले नाही. हे असत्य नव्हते, कारण ज्याची इच्छा नाही तो दाता वैद्यकीयदृष्ट्याही योग्य नसतो, असे मी आजही मानते. पुढे रुग्णाचा थोरला भाऊ स्वतःहून पुढे आला आणि शस्त्रक्रिया झाली. (या लेखातील कोणाचीही ओळख पटू नये म्हणून गावे आणि नाती यांत मी थोडे बदल केले आहेत.)

शस्त्रक्रिया पाहण्याची परवानगी मला अनेकदा मिळाली, आणि एक क्षण मी कधीही चुकवला नाही. जुने यकृत काढल्यावर ते स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलेले असते, गाठाळ, हिरवट-तपकिरी, हाताला दगडासारखे. नवे यकृत जोडून रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडले की त्या फिकट, थंड अवयवावर काही क्षणांत गुलाबी-तांबूस रंग पसरत जातो. मग सगळे पित्तनलिकेच्या उघड्या तोंडाकडे पाहत थांबतात. बऱ्याच वेळाने तिथे सोनेरी रंगाचा एक थेंब जमतो. तो पित्ताचा थेंब दिसला की यकृत कामाला लागले असे समजायचे. मास्कआडून कोणीतरी “आलं” एवढेच म्हणते आणि पुढचे टाके सुरू होतात.

२०१८ मध्ये मी नाशिकला परतले. मुंबईत राहण्याचा आग्रह अनेकांनी केला होता, आणि तो अवाजवी नव्हता. परंतु फेलोशिपच्या दोन वर्षांत कसाऱ्याचा घाट उतरून आलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांतले फार थोडे वेळेवर आले होते. नाशिक, दिंडोरी, मालेगाव, कळवण इथून येणाऱ्या फायलींमध्ये एकच क्रम दिसे: दोन-तीन वर्षे सूज आणि अशक्तपणा यांवर किरकोळ उपचार, मग एकदा रक्ताची उलटी, मग पोटात पाणी, मग गुंगी, आणि त्यानंतर कोणीतरी म्हणायचे, “मुंबईला दाखवून बघा.” तोवर मूत्रपिंडे गेलेली असत. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याला होईल, पण त्याआधीचे काम नाशिकमध्येच व्हायला हवे, असे माझ्या मनाने घेतले आणि शरणपूर रोडला एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांत ओपीडी सुरू केली.

पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट लक्षात आली, की माझे निम्मे काम स्वयंपाकघराशी आहे. सिरोसिसचा रुग्ण घरी गेला की त्याचे तेल बंद होते, हळद बंद होते, डाळ पातळ होते, अंडी-दूध थांबते आणि उसाचा रस व मुळ्याचा पाला सुरू होतो. हे सारे प्रेमापोटी होते, आणि याच प्रेमापोटी तीन महिन्यांत माणसाच्या दंडाचे आणि मांड्यांचे मांस झडून जाते. सिरोसिसमध्ये प्रथिने कमी करायची नसतात, उलट किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत वाढवायची असतात. बंद करायचे असते ते मीठ, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण आणि ताटातले वरून घेतलेले मीठ. यकृताला रात्रभरासाठी साखर साठवून ठेवता येत नाही म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी खायलाच हवे, एक वाटी पोहे, दूध-भाकरी, काहीही. मी औषधांच्या आधी हे लिहून देऊ लागले. एका आजींनी मला विचारले, “म्हणजे त्याला वरणावर तूप वाढलं तर चालेल?” आणि मी हो म्हटल्यावर त्यांना रडू आले, कारण पाच महिने त्या मुलाला कोरडा भात वाढत होत्या.

दारूमुळे यकृत गेलेले रुग्ण आमच्याकडे आहेतच, आणि ते ज्या शरमेने येतात ती पाहून मन दुखते. पण आज माझ्या ओपीडीत ज्यांची संख्या डोळ्यांत भरते ते आयुष्यात एक थेंबही न घेतलेले, मधुमेह आणि पोटाचा घेर असलेले लोक आहेत. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून आलेले असते आणि “ते तर सगळ्यांनाच असतं” म्हणून कागद फाईलमध्ये जातो. २०२३ मध्ये या आजाराचे नाव जगभरात बदलले गेले आणि त्यात चयापचयाचा उल्लेख आला, तो योग्यच झाला. नाव बदलण्याआधी मला भेटलेल्या एका माणसाची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी.

निफाड तालुक्यातील ते द्राक्ष बागायतदार होते, वय एक्कावन्न, पंधरा वर्षांचा मधुमेह, पूर्ण निर्व्यसनी. जून २०१८ मध्ये ते पोटात पाणी झाले म्हणून आले. त्यांच्या पत्नी बागेच्या हिशेबाची एक जाड वही घेऊन येत. तिच्या मागच्या पानांवर त्या रोजचे वजन, किती वेळा शौचाला झाले आणि काय खाल्ले हे लिहीत, आणि मी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी त्यांची सही घेत. यकृत बिघडले की अमोनिया आणि इतर विषद्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि माणूस बरळू लागण्याच्या कितीतरी आधी त्याचे अक्षर बिघडते. त्या वहीत सप्टेंबरच्या एका आठवड्यात सहीची शेवटची रेघ खाली घसरलेली दिसते. ही द्रव्ये शौचावाटे बाहेर पडावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या लॅक्टुलोज या औषधाची मात्रा वाढवल्यावर ती पुन्हा सरळ झालेली दिसते. दर तीन आठवड्यांनी आम्ही त्यांच्या पोटातले सहा-सात लिटर पाणी काढत असू, गवती चहासारख्या फिक्या रंगाचे, आणि त्याच्या जोडीला शिरेतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन देत असू.

पहिल्या भेटीत मी त्यांना म्हटले होते, “पुढेमागे प्रत्यारोपणाचा विचार करावा लागेल.” हे वाक्य मला आजही शब्दशः आठवते, विशेषतः त्यातला ‘पुढेमागे’ हा शब्द. नवा डॉक्टर, पहिलीच भेट, माणूस घाबरेल, या काळजीने मी तो वापरला. ऑक्टोबरमध्ये मी विषय नीट काढला. संगमनेरला दिलेली त्यांची मुलगी दाता व्हायला तयार होती, रक्तगटही जुळत होता. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, गोडी छाटणी तोंडावर आली आहे. एकदा माल निघू द्या, मार्चमध्ये मी स्वतः येतो.” त्यांच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती, बागेवर कर्ज होते आणि छाटणीनंतरचे चार महिने मालकाने बागेत असावेच लागते. बिलिरुबिन (कावीळ), क्रिएटिनिन (मूत्रपिंडे) आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा वेग) या रक्ततपासणीतल्या तीन आकड्यांवरून सहा ते चाळीस या पट्टीवर काढला जाणारा, आजार किती गंभीर आहे हे सांगणारा त्यांचा ‘मेल्ड’ गुणांक सतरा होता. पंधराच्या पुढे गेले की प्रत्यारोपणाचा फायदा त्याच्या धोक्यापेक्षा जास्त ठरतो, पण सतरा हा काही घाबरवणारा आकडा नव्हे. रक्तातले सोडियम मात्र १२६ पर्यंत उतरले होते, आणि पोटात वारंवार पाणी भरणाऱ्या रुग्णाचे सोडियम असे उतरले की तो गुणांक सांगतो त्याहून धोका मोठा असतो, हे मला पक्के माहीत होते. तरीही मी मान्य केले. त्यांच्या वहीत मी माझ्या हाताने ‘मार्च’ असे लिहिले.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना बारीक ताप आला आणि पोट दुखू लागले. डिपिंगची, म्हणजे द्राक्षांचे घड औषधात बुडवण्याची, कामे चालू होती म्हणून दोन दिवस अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी आणले तेव्हा पोटातले पाणी गढूळ झाले होते, त्यात जंतुसंसर्ग झाला होता. प्रतिजैविके आणि अल्ब्युमिन लगेच सुरू केले, पण दोन दिवसांत लघवी थांबली, गुणांक चौतिसावर गेला आणि सहीच्या जागी वहीत नुसती एक वाकडी रेघ उरली. मी मुंबईच्या चमूला फोन केला. त्यांचे म्हणणे बरोबर होते, की संसर्ग आटोक्यात आल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येणार नाही. तो आटोक्यात आला नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. मुलीच्या सर्व तपासण्या तोपर्यंत पूर्ण झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या उत्तम होत्या.

मार्च महिन्यात त्यांच्या पत्नी आल्या. मी त्यांना जे घडले ते सांगितले, माझा ऑक्टोबरमधला होकार चूक होता हेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. “आता घरात बघवत नाही, तुमच्याकडे राहू द्या,” असे म्हणाल्या. ती वही माझ्याकडे आहे.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. ज्या दिवशी सिरोसिसच्या रुग्णाच्या पोटात पहिल्यांदा पाणी सापडते, किंवा पहिली रक्ताची उलटी होते, किंवा पहिल्यांदा गुंगी येते, त्याच भेटीत मी प्रत्यारोपण हा शब्द उच्चारते आणि ‘पुढेमागे’ म्हणत नाही. पोटात पाणी भरू लागल्यापासून पाच वर्षांत सुमारे निम्मे रुग्ण दगावतात, तर प्रत्यारोपण झालेल्या शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक रुग्ण पहिले वर्ष पार करतात, हे मी दोन्ही बाजूंनी सांगते. चर्चा सुरू करणे म्हणजे शस्त्रक्रिया ठरवणे नव्हे, हेही सांगते. कित्येकांचे यकृत दारू सुटल्यावर किंवा ‘बी’ विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्यावर इतके सावरते, की त्यांचे नाव आम्ही आनंदाने यादीतून काढतो. काही जण घाबरून पुन्हा येत नाहीत, आणि ते मला लागते. पण बहुतेक जण पुढच्या वेळी मुलाला, भावाला, बहिणीला बरोबर घेऊन येतात, आणि तिथून खरे काम सुरू होते.

२०२१ मध्ये नाशिकरोडचे एक गृहस्थ असेच पहिल्या पाण्याच्या वेळी आले. पत्नीला मधुमेह असल्याने त्यांचा विचार करता येत नव्हता. सत्तावीस वर्षांचा मुलगा तयार होता, पण त्याचे वजन चौऱ्याण्णव किलो होते आणि यकृतात चरबी इतकी, की तो भाग बापाला बसवून उपयोग नव्हता. मी त्याला सांगितले, की दहा आठवड्यांत नऊ किलो उतरव, मग पुन्हा स्कॅन करू. तो रोज पहाटे पाचला गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर जाऊ लागला. आई डबा मोजून देई. दर शनिवारी तो ओपीडीत येऊन वजनकाट्यावर उभा राही, बूट काढून, खिशातला मोबाईलसुद्धा बाजूला ठेवून, आणि आकडा स्वतः मोठ्याने वाचत असे. अकराव्या आठवड्यात काटा चौऱ्याऐंशीवर थांबला आणि स्कॅनमध्ये चरबी जवळजवळ दिसेनाशी झाली होती. पंचवीस लाखांच्या घरातला खर्च कसा उभा केला ही वेगळीच कहाणी आहे. विश्वस्त संस्था, नातेवाईक, वडिलांच्या कामावरचे सहकारी, सगळ्यांनी हात लावला. मुंबईला शस्त्रक्रिया झाली आणि पाचव्या आठवड्यात दोघे बापलेक माझ्यासमोर शेजारी शेजारी बसले होते.

प्रत्यारोपणानंतरची देखरेख बाहेरून सोपी वाटते, ती तशी नाही. नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिली जाणारी टॅक्रोलिमसची गोळी सकाळी नऊ आणि रात्री नऊ, दोन्ही वेळा घड्याळ लावून घ्यायची. रक्तातली तिची पातळी तपासायची तर सकाळची गोळी घेण्याआधीच रक्त द्यायचे. जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९८४ मध्ये मिळालेले हे औषध नसते तर आमच्या रुग्णांपैकी किती जण आज असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. पण ते औषध इतर औषधांशी फार नाजूक नाते ठेवते. एका रुग्णाला खोकल्यासाठी बाहेर क्लॅरिथ्रोमायसिन दिले गेले आणि चार दिवसांत टॅक्रोलिमसची पातळी इतकी चढली की मूत्रपिंडांवर ताण आला. दुसऱ्या एकाला क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झाले आणि पातळी जवळपास नाहीशी झाली. देणाऱ्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाच्या खिशात मी एक मराठी कार्ड ठेवते, त्यावर माझा क्रमांक आणि एवढेच वाक्य: ‘माझे यकृत प्रत्यारोपण झाले आहे, कोणतेही नवे औषध देण्यापूर्वी कृपया या क्रमांकावर विचारा.’ २०२० च्या टाळेबंदीत मुंबईला जाणे बंद झाले तेव्हा असे सगळे रुग्ण नाशिकमध्येच सांभाळावे लागले, आणि या गावात यकृताचा डॉक्टर असण्याचा अर्थ त्या काही महिन्यांत मला पुरता कळला.

अलीकडच्या एका हिवाळ्यातली रात्र सांगून थांबते. एका रुग्णालयात माझा रुग्ण आयसीयूत होता म्हणून मी तिथे होते. महामार्गावरील अपघातातला एक तरुण मेंदूमृत झाला होता. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या केल्या होत्या. कायद्याने या मंडळात प्रत्यारोपण चमूतला कोणीही असू शकत नाही. आईवडिलांनी अवयवदानाला संमती दिली होती आणि यकृत पुण्याला जायचे होते. माझ्या ओपीडीतले सिन्नरचे एक शिक्षक सात महिन्यांपासून प्रतीक्षायादीत होते, त्यांचा दाता होऊ शकेल असे घरात कोणी नव्हते. यादी विभागीय समन्वय केंद्राची असते, रक्तगट आणि आजाराचे गांभीर्य पाहून क्रम लागतो, आणि त्यात कोणाचा शब्द चालत नाही, चालताही कामा नये. तरी मी मध्यरात्रीपर्यंत फोन हातात धरून बसले होते. त्यांना बोलावणे आले नाही.

पहाटे चारच्या सुमारास पुण्याच्या सर्जननी साधी दिसणारी एक बर्फपेटी उचलली. परिचारिका, वॉर्डबॉय, रखवालदार, सफाई कामगार जिन्यापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना हात जोडून उभे होते. पोलिसांनी द्वारका चौकातली वाहतूक थांबवली होती, आणि ती रुग्णवाहिका सिन्नरच्या दिशेने गेली, म्हणजे त्या शिक्षकांच्या घरावरूनच.

गुरुवारी ते नेहमीप्रमाणे ओपीडीत आले. वर्तमानपत्रात बातमी वाचली होती. खुर्चीवर बसता बसता त्यांनी विचारले, “मॅडम, परवा रात्री गेलं, ते माझं नव्हतं ना?” मी नाही म्हटले, आणि यादी कशी चालते ते पुन्हा एकदा समजावले. ते थोडा वेळ गप्प बसले. “ज्याला मिळालं तो माझ्यापेक्षा जास्त आजारी असणार,” असे म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढे पसरून बोटे ताणली, हाताला थरथर नव्हती. वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम भरले. त्यांनी स्वतःची वही पुढे केली, आजच्या तारखेसमोरची सही सरळ आणि ठसठशीत होती, आणि मी तिच्याखाली पुढच्या गुरुवारची तारीख घातली.